चाळीसगाव–पाटणादेवी एकदिवसीय सहल : मार्गदर्शक हवा, छायाचित्रकार नको

चाळीसगावहून निघणाऱ्या एका स्थानिक सहल-सेवेबरोबर नुकतीच पाटणादेवीला जाऊन आले. गाडी, मार्गदर्शक, दुपारचे जेवण आणि दिवसभर सोबत राहणारा छायाचित्रकार असे हे पॅकेज आहे. मार्गदर्शकासाठी ही सहल अवश्य करावी, छायाचित्रकार मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला थांबा छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांच्या वास्तूचा आहे आणि तो विचारपूर्वक ठेवलेला दिसतो. 1912 मध्ये मुंबईत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले मूस चाळीसगावात स्थायिक झाले, ते 1989 मध्ये निधन होईपर्यंत क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाशयोजना करून त्यांनी टिपलेले देखावे पाहिले की, समोर येईल ते टिपत सुटण्याची आपली घाई आपोआप ओसरते.

गौताळा अभयारण्यातील हेमाडपंती महादेव मंदिरापाशी मार्गदर्शकाने सर्वांना मोबाइल पिशवीत ठेवायला सांगितले. ‘ताई, पह्यले आयकी ल्या, मंग फोटू काढा,’ असे म्हणून त्यांनी पाटणच्या शिलालेखाची हकिगत सांगितली : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला येथे मठ स्थापला होता. त्यानंतर प्रत्येकाने मंदिराचा एकच लहानसा भाग निवडून टिपावा, असे त्यांनी सुचवले. मी बाहेरच्या भिंतीवरील एका झिजलेल्या मूर्तीचा कमरपट्टा निवडला. त्यातील कोणते मणी शाबूत आहेत आणि कोणते पावसाने सपाट केले आहेत, हे मला आजही सांगता येईल.

या पद्धतीला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या 2014 मधील संग्रहालयातील प्रयोगात, ज्या वस्तूंचे पूर्ण छायाचित्र घेतले त्यांचे तपशील लोकांना कमी आठवले, परंतु एखाद्या भागावर झूम करून टिपलेल्या वस्तूंच्या बाबतीत अशी घट झाली नाही. 2017 च्या आणखी एका अभ्यासात, छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक, पण ऐकलेले कमी आठवत असल्याचे आढळले. म्हणूनच आधी ऐकणे आणि मग टिपणे हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

हाच क्रम छायाचित्रकाराने मोडला. मार्गदर्शक शिल्पांविषयी बोलत असताना तो एकेका कुटुंबाला बाजूला बोलावून पायऱ्यांवर उभे करत होता, त्यामुळे अनेकांचे अर्धे निरूपण हुकले. नंतर मोबाइलवर आलेल्या अल्बममध्ये चेहरे स्वच्छ आहेत, पण मागचे मंदिर बहुतेक ठिकाणी धूसर आहे. धवलतीर्थ धबधब्यापाशी तर सगळा वेळ समूहचित्रातच गेला आणि पाण्याजवळ शांत बसायचे राहून गेले.

जेवणातील भरीत आणि कळण्याची भाकरी उत्तम होती. छायाचित्रकार वगळून दर कमी करून देण्याची आयोजकांची तयारी आहे, परंतु तसे आरक्षणाच्या वेळीच सांगावे लागते.