फक्त इंग्लिश की दोन्ही भाषा? अमेरिकेतल्या लॅटिनो पोरांची शाळा

घरी स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना शिकवायचे तिकडे मेन दोन रस्ते. पहिला, फक्त इंग्लिश. कॅलिफोर्नियाने 1998 ला प्रपोझिशन 227 ने, म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन केलेल्या कायद्याने, हेच आणलं, ॲरिझोनाने 2000 ला, आणि ॲरिझोनात तर पुढे रोज चार तास नुसतं इंग्लिश, म्हणजे बाकीची पोरं सायन्स करतायत आणि ही वेगळ्या वर्गात व्याकरण घोकत बसलीत, आता अशाने कोण कोणात मिसळणार सांगा! 2019 ला ते तास कमी केले एकदाचे.

दुसरा, ड्युअल लँग्वेज. मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 ला सुरू झालं, क्युबातून आलेली आणि इंग्लिश बोलणारी पोरं एकाच शाळेत, सकाळी आपल्या भाषेत आणि दुपारी दुसरीत. गणित थांबत नाही, आजीशी बोलणंही तुटत नाही. इंग्लिश पक्कं व्हायला वेळ लागतो हे मान्य, आणि दोन्ही भाषांत शिकवणारे टीचर मिळता मिळत नाहीत. वर कुठे कुठे गोऱ्या पालकांनाच हे इतकं आवडतं की सीटसाठी तेच पुढे.

छोट्या गावात चार-पाचच पोरं असली तर पहिलाच जमेल, बाकी माझं मत दुसऱ्याला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीपण 2016 ला 227 गुंडाळलंच की.