तीन भाषा, एक वर्गणी आणि काहीही मान्य करणारा माइक

जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या तीन भाषा शिकण्यासाठी मी गेले कित्येक महिने हे ॲप पैसे भरून वापरत आहे. धडे, गुण, सलग दिवसांची साखळी हे सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यात शिरत नाही. पुढच्या वर्षाची वर्गणी परस्पर कापली गेली आणि परताव्याच्या विनंतीला ग्राहकसेवेकडून प्रत्येक वेळी तेच साचेबंद उत्तर आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुख्य तक्रार आहे ती उच्चार तपासणीची. जाहिरातीत सर्वाधिक मिरवली जाणारी सोयही हीच. जर्मनच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. मी मुद्दाम ते क्रियापद गाळून वाक्य अर्ध्यावर सोडले, तरी हिरवी खूण उमटली. जपानीत स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर शब्दाचा अर्थ ठरतो. तिथे सगळे दीर्घ स्वर आखूड करून पाहिले, तरीही पूर्ण गुण! अपेक्षित वाक्य कोणते हे ॲपला आधीच ठाऊक असते, आणि बोलणे ओळखणारी यंत्रणा मुळात अशुद्ध उच्चार सांभाळून घेऊन शब्द ओळखण्यासाठी घडवलेली असते. त्यामुळे फोनला हुकूम देताना जो तिचा गुण ठरतो, तोच भाषा शिकताना दोष ठरतो. आपण पैसे भरतो ते चूक दाखवली जावी म्हणून, शाबासकीसाठी नव्हे.

उजळणीचेही तसेच. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगांती मांडले. वाढत्या अंतराने उजळणी करण्याची पद्धत त्याच निरीक्षणावर उभी आहे. इथे मात्र तिन्ही भाषांची उजळणी एकाच रांगेत लागते, आणि स्पॅनिशचे सोपे शब्द पुढे घुसून कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी वळणाची चित्राक्षरे, मागे पडतात. नित्य वापरासाठी अधिकृतपणे ठरवलेल्या कांजींचीच संख्या २१३६ आहे. त्या अशा रांगेत कधी संपायच्या?

इथवर लिहिले तेव्हा एकच तारा द्यायचे ठरले होते. परंतु ग्राहकसेवेच्या त्याच साचेबंद उत्तरातल्या दुव्यावरून सेटिंग्जमध्ये दडलेली एक सोय सापडली: मूळ वाक्यापाठोपाठ आपलेच ध्वनिमुद्रण ऐकवणारी. स्पॅनिशमधला घोळवून उच्चारायचा दुहेरी ‘र’ माझ्या तोंडून साध्या ‘र’सारखाच निघतो, हे माइकने इतके महिने खपवून घेतले, ते या सोयीमुळे दोन वाक्यांत कानाला कळले. ही सोय मुखपृष्ठावर न ठेवण्यामागचा हिशेब मला उलगडलेला नाही. तिच्यासाठी मात्र तीन तारे.

कांजीसाठी मी आता संगणकावर मोफत मिळणाऱ्या ‘अँकी’ या उजळणीच्या ॲपकडे वळलो आहे, प्रश्नोत्तरांचे पत्ते (फ्लॅशकार्ड) स्वतः तयार करावे लागतात, पण प्रत्येक भाषेचा संच वेगळा ठेवता येतो. भरलेल्या वर्गणीचे उरलेले महिने केवळ ध्वनिमुद्रणासाठी वापरून वसूल करीन. आपोआप नूतनीकरण बंद करण्याचे बटण ॲपमध्ये शोधू नका. माझ्या फोनवर ते ॲप स्टोअरच्या खात्यातील सदस्यत्वांच्या यादीत सापडले, आणि ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.