एअरोटरचा सिरॅमिक रोटर: गोव्याच्या दमट हवेत पैसे वसूल होतात का?

होतात, पण कॉम्प्रेसरची हवा कोरडी असेल तरच.

दाताच्या दवाखान्यातला एअरोटर, म्हणजे हवेच्या दाबावर फिरणारं दात कोरायचं यंत्र, मिनिटाला 3 ते 4 लाख फेरे घेतो. त्यातल्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, दोन बेअरिंग असतात, साधारण 6.35 मिमी व्यासाची. आतले छर्रे 1 मिमीचे. या वेगात छर्रे बाहेरच्या रेसवर (छर्रे जिच्यावरून फिरतात त्या कडीवर) जोराने दाबले जातात. तिथेच उष्णता होते, तेल निसटतं आणि पोलाद झिजू लागतं. सिरॅमिक रोटरमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात. अशा छर्ऱ्याचं वजन पोलादी छर्ऱ्याच्या सुमारे 40 टक्केच, त्यामुळे हा दाबही तेवढ्यावरच येतो. तेल थोडं कमी पडलं तरी सिरॅमिक पोलादाला चिकटून ओरखडे काढत नाही. खरा फायदा हा.

सिरॅमिक छर्रे गंजत नाहीत, रेस मात्र स्टेनलेस असूनही गंजतात. जून ते सप्टेंबर म्हापसा असो की मडगाव, कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं आणि हवेबरोबर थेट बेअरिंगमध्ये पोचतं. महागडा रोटर मागवण्याआधी टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडायची सवय लावा, हवेच्या लाइनला ड्रायर बसवा. हे जमणार नसेल तर साधा पोलादी रोटरच घ्या, सिरॅमिकचा जास्तीचा खर्च वाया जाईल.

दुसरा शत्रू ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र. 134 अंशांच्या वाफेत छर्रे धरणारी फिनॉलिक प्लास्टिकची केज हळूहळू कमजोर होते, तिचे तंतू सुटतात आणि एक दिवस रोटर जाम होतो. म्हणून खरेदी करताना छर्ऱ्यांइतकीच केजची चौकशी करा. पॉलिअमाइड-इमाइड या प्लास्टिकची मिळाली तर ती घ्या. तेल ऑटोक्लेव्हच्या आधी घालायचं: हवेच्या नळीतून एक-दोन सेकंद स्प्रे, मग चकमध्ये (पकडीत) बर, म्हणजे दात कोरायचं टोक, लावून 20-30 सेकंद चालवून जास्तीचं तेल बाहेर काढायचं. बर न लावता चालवलं तर चक खराब होतो. काही रोटर 'तेल नको' म्हणून विकले जातात. त्यांना तेल घालू नका, उत्पादकाच्या पत्रकात असेल तेच करा.

हवेचा दाब हँडपीस (एअरोटर) जिथे नळीला जोडतो तिथे गेज लावून बघा. पत्रकापेक्षा जास्त दाब दिला की कापणं फारसं वाढत नाही, बेअरिंग मात्र लवकर जातं.

रोटर बदलताना दोन्ही ओ-रिंगही (रबरी कड्या) नव्या टाका. जुन्या, कडक झालेल्या रिंगा रोटरला मधोमध धरत नाहीत, बर थरथरतो आणि दोष नव्या बेअरिंगला लागतो.