सॉकेट टेस्टर चांगलाय, पण डोळे झाकून विश्वास नको

फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या म्हणून हा तीन लाईटवाला टेस्टर घेतला. भाड्याचं जुनं घर, सॉकेट सगळे थ्री पिन, पण हॉलमधल्या एकालाही अर्थिंग नाही, वायरमनने खोलून बघितलं तर मागे अर्थची वायरच आलेली नव्हती, नुसता दिखावा! वापरायला सोपा, खोचला की कळतं. पण एक गोम आहे, कुणी न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ आतून वायरचा तुकडा टाकून जोडले असतील तरी हा ओकेच दाखवतो, आमच्या किचनमध्ये नेमकं तेच निघालं, आणि अशात न्यूट्रल तुटला तर ओव्हनची बॉडीच लाईव्ह होते. तुकडा काढला, 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवली. घरमालक अर्थिंगचं अजून 'बघू' म्हणतायत. टेस्टरला चार स्टार.