‘बेटर अ‍ॅड्स’चे निकष लावून पाककृतींची साइट चालवताना : काही महिन्यांनंतर

माझी मराठी पाककृतींची साइट जाहिरातींवर चालते. त्या सगळ्या ‘बेटर अ‍ॅड्स स्टँडर्ड्स’ला धरून नव्याने मांडल्या, त्याला आता बरेच महिने झाले. आकडे स्थिरावले, म्हणून लिहितेय.

हे निकष ‘कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ या जाहिरात आणि वेब क्षेत्रातल्या कंपन्यांच्या गटाने २०१७ मध्ये आणले आणि गूगलचा क्रोम ब्राउझर ते ९ जुलै २०१९ पासून जगभर लावतो. मोबाइलवर पॉप-अप नको, आपोआप आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ नको, डोळ्यांपुढे लुकलुकणारं काही नको. साइट नापास ठरली आणि ३० दिवसांत सुधारली नाही, तर क्रोम तिथल्या सगळ्याच जाहिराती गाळतो, चांगल्यासुद्धा. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतला ‘अ‍ॅड एक्स्पीरियन्स रिपोर्ट’ पाहत राहा.

घाम काढते ती घनतेची अट. मोबाइलवर सगळ्या जाहिरातींची मिळून उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांपुढे जाता कामा नये. वरची पट्टी, तळाचे दुवे, ‘हेही वाचा’ यात धरत नाहीत. पुरणपोळीच्या पानावर तीन जाहिराती सहज बसतात, कृतीच तेवढी लांब. लसणाच्या चटणीला मात्र एक बसली तरी पुष्कळ. इथे आठवणी-बिठवणी घालून पान ताणायचा मोह होतो. मी ताणत नाही. वाचणारीचे हात पिठात असतात, तिला प्रमाण हवं असतं.

याच हातांसाठी आणखी एक गोष्ट केली, जी या निकषांत नाही. जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलते आणि बोट भलतीकडे पडतं. गूगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’मध्ये, म्हणजे पान वापरायला किती सोयीचं ते मोजणाऱ्या मापांत, या हलण्याचा गुणांक ०.१ पर्यंतच चांगला धरतात. प्रत्येक जाहिरातीच्या चौकटीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) किमान उंची आधीच दिली आणि पान जागच्या जागी राहू लागलं. सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक मला याने जाणवला.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला मिळकत चांगलीच खाली आली. मग लोक कृती शेवटपर्यंत वाचू लागले, परत येऊ लागले आणि बरीचशी भरून निघाली, पूर्ण नाही. मधल्या काळात एका एजन्सीने पॉप-अपसाठी जादा दर देऊ केला, तो नाकारला.

उणीव एकच, पण मोठी. हे निकष जाहिरात दिसते कशी एवढंच मोजतात, ती काय विकते ते नाही. नाचणी-ज्वारीच्या कृती मधुमेह असलेले वाचकही पाहतात. त्यांच्या समोर ‘साखर कायमची बरी’ म्हणणारी जाहिरात शांतपणे, नियमात बसून येऊ शकते. त्यासाठी अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेच्या ब्लॉकिंग कंट्रोल्समध्ये जाऊन वजन घटवणं, औषधं-पूरकं, झटपट श्रीमंती असे वर्ग हाताने बंद करावे लागतात. मी ते बंद केलेत आणि सणासुदीला दर चढले तरी उघडलेले नाहीत.