मोबाइलवरून लाइव्ह: आरटीएमपी, एसआरटी की वेबआरटीसी?

फोन ट्रायपॉडवर लावून फुटबॉलचे सामने लाइव्ह दाखवायचं काम मी बराच काळ करतो आहे. या निमित्ताने तिन्ही प्रोटोकॉल, म्हणजे नेटवरून चित्र आणि आवाज पाठवायच्या पद्धती, वापरून झाले. कोडेक, रिझोल्यूशन वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

पाहणाऱ्यांच्या बाजूला फार डोकं लावायला नको, एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारा प्रोटोकॉल) ठेवा. आयफोनवर तो मुळातच चालतो आणि अँड्रॉइडवरही अडत नाही. त्याच कामाचा डॅश हा प्रोटोकॉलही चांगला आहे, पण आयफोनच्या ब्राउझरमध्ये तो वर्षानुवर्षं चालतच नव्हता. आयओएस १७.१ पासून वाट मोकळी झाली असली तरी जुने फोन वापरणारे प्रेक्षक असतातच. खरा प्रश्न आहे तो फोनवरून चित्र पाठवायचं कसं, हा.

आरटीएमपी हा ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅशच्या काळातला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं, आरटीएमपी मात्र पाठवण्याच्या कामात टिकून राहिला, कारण बहुतेक मोठे प्लॅटफॉर्म तो घेतात. पत्ता टाका, स्ट्रीम की (प्लॅटफॉर्मने दिलेला गुप्त कोड) टाका, झालं सुरू. माझी सुरुवातही तिथूनच झाली आणि भक्कम वायफायवर आजही माझी त्याबद्दल तक्रार नाही.

बिनसलं ते समालोचनावरून. आमचा फोन उंचावर असतो आणि समालोचक खाली टेबलाशी, त्याचा माइक लॅपटॉपला लावलेला. तो मैदानाकडे बघून बोलतो, चित्र मात्र मोबाइल नेटवरून फिरून तीनेक सेकंदांनी लॅपटॉपवर पोहोचतं. म्हणून ओबीएसमध्ये (चित्र आणि आवाज एकत्र करणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) आवाज तेवढाच मागे ठेवायचा. पहिलं सत्र छान जुळलं. दुसऱ्या सत्रात त्याने ‘गोऽऽल’ म्हणून आरोळी ठोकली तेव्हा पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेजवळच होता. आवाज आणखी मागे ढकलला, दहा मिनिटांत पुन्हा तेच. तीन सेकंदांचा उशीर वाढत वाढत अकरावर गेला होता.

याचं मूळ टीसीपीत, म्हणजे आरटीएमपी ज्यावर चालतो त्या माहिती पाठवायच्या पद्धतीत आहे. एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं की ते पुन्हा मिळेपर्यंत मागची सगळी रांग थांबते. नेट सुधारलं की साचलेलं चित्र येतं खरं, पण पाहणाऱ्या बाजूचा प्लेअर आपल्याच गतीने चालतो, त्यामुळे पडलेला उशीर भरून निघत नाही. काही ॲप मधल्या फ्रेम गाळून तो भरून काढतात, पण ते त्या त्या ॲपवर अवलंबून.

एसआरटीने माझा हा प्रश्न सोडवला. हायव्हिजन या कंपनीने २०१७ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. तो यूडीपीवर, म्हणजे हरवलेल्या पॅकेटसाठी रांग न थांबवणाऱ्या पद्धतीवर चालतो. हरवलेलं पॅकेट तोही पुन्हा मागवतो, पण आपण ठरवून दिलेल्या वेळेपुरताच थांबतो. त्यानंतर आलेलं पॅकेट सरळ टाकून देतो. चित्रात क्षणभर चौकोन उमटतात, पण उशीर जितका ठरवला तितकाच राहतो. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंदांचं असतं, ते मोबाइल नेटला पुरत नाही. पॅकेटच्या जाण्यायेण्याच्या वेळेच्या चौपट ठेवावं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मोबाइलवर ही वेळ फार उड्या मारते, म्हणून मी सरळ २००० मिलिसेकंद ठेवतो. त्यानंतर आवाज एकदा जुळवला की सामना संपेपर्यंत हात लावावा लागत नाही.

वेबआरटीसीला कमी लेखू नका. उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि ॲपही लागत नाही, ब्राउझर पुरतो. पण तो घडला आहे संभाषणासाठी. नेट ढासळलं की वेळ सांभाळायला चित्राचा दर्जा उतरवतो. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा थोडा धूसर झाला तर चालतं, खेळाडूच्या पाठीवरचा नंबर पुसट झाला तर प्रेक्षक वैतागतात. मुलाखत किंवा प्रश्नोत्तरं असतील तर मात्र मी डोळे झाकून वेबआरटीसी घेईन.

एसआरटीच्याही अटी आहेत. ब्राउझरला तो कळत नाही, लॅरिक्ससारखं ॲप घ्यावं लागतं. मधे स्वतःचा सर्व्हर हवा असेल तर मीडियाएमटीएक्स हे सॉफ्टवेअर ते काम नीट करतं. तिथून पुढे प्लॅटफॉर्मपर्यंत आरटीएमपी चालतो, कारण तो टप्पा पक्क्या लाइनवरचा असतो. बिटरेटही (दर सेकंदाला पाठवायची माहिती) हात राखून ठेवा. पॅकेट पुन्हा पाठवायला जागा लागते आणि एसआरटी स्वतःहून बिटरेट कमी करत नाही, ते ॲपला करावं लागतं. मी अपलोडच्या वेगाच्या निम्म्यावर थांबतो. तुमच्या भागातलं नेट स्थिर असेल तर कदाचित इतकी गरज पडणार नाही.

काही वायफायवर यूडीपी बंदच असतं. त्यासाठी आरटीएमपीएसचं (टीसीपीवरच चालणारं आरटीएमपीचं सुरक्षित रूप) प्रोफाइल फोनमध्ये तयार ठेवलं आहे. ते वापरायची वेळ आली की समालोचकाला मैदानाकडे पाठ करून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून बोलायला सांगतो. त्याला ते अजिबात आवडत नाही.