दिवेआगरचा वाडीतला होमस्टे : जेवण तेच, सावली मात्र राहिली नाही

दिवेआगरच्या या होमस्टेत आम्ही तिसऱ्यांदा राहून आलो. पहिल्यांदा २०१८ च्या डिसेंबरात, मग २०२१ ला आणि आता गेल्या महिन्यात, त्यामुळे रूम कशी नि जेवण कसं एवढं लिहून भागणार नाही.

आधी कामाचं. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं आलं की चार-साडेचार तास. रूम साध्या पण स्वच्छ, समुद्र चालत सात-आठ मिनिटं. जेवण एक नंबर, होमस्टे चालवणाऱ्या काका-काकूंपैकी काकूंच्या हातचं वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

आता वाडीबद्दल. २०१८ ला भर दुपारी आत शिरलो तर अंधारून आल्यासारखं वाटलं, इतकी दाट सुपारी, मध्ये नारळ, खाली जायफळ नि केळी, पाटाचं पाणी वाहतंय आणि सासूबाई तिथेच बाजेवर मस्त दोन तास झोपल्या, पंखा नाही की काही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकांच्या साडेतीनशे झाडांतली जेमतेम चाळीस उरली. घराची कौलंही गेली, आणि तेव्हा घाईत पत्रे घातले ते अजून तसेच आहेत. म्हणून दुपारी बारा ते चार रूम भयंकर तापते, एसी दोनच खोल्यांना आहे आणि लाईट गेली की त्याचाही उपयोग नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मे महिन्यात अजिबात जाऊ नका, डिसेंबर ते फेब्रुवारी बघा.

पण काका हटलेले नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचंय. सुपारीच्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावली, केळीच्या सावलीत रोपं वाढवली. या वेळी पाहिलं तर पश्चिमेकडच्या प्रत्येक खोडाला झावळ्या गुंडाळून सुंभाने बांधलेल्या. विचारलं तर म्हणाले, "तिरपं ऊन लागलं की खोड भाजतं, तडकतं, आणि वारा आला की नेमकं तिथेच मोडतं." एकेक झाड असं जपायचं आणि फळ धरायला पाच-सात वर्षं थांबायचं!

अरबी समुद्रात वादळं कमी असतात असं आपण लहानपणापासून ऐकलंय, पण २०१९ या एकाच वर्षात वायू, हिका, क्यार, महा, पवन अशी पाच झाली, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. समुद्राचं पाणी तापतंय, त्यातून वादळांना जोर मिळतो. क्यार तर ऐन दिवाळीत आलं, म्हणजे यांचा वर्षाचा मुख्य सीझनच हातचा गेला. आता ऑक्टोबरात ढग दिसले तरी लोक बुकिंग कॅन्सल करतात आणि वर ॲडव्हान्ससाठी भांडतात, कृपया असं करू नका. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असेल तर काका स्वतःहून फोन करतात नि पूर्ण पैसे परत देतात, आमच्या ओळखीच्यांना दिलेत. नुसत्या पावसाच्या अंदाजासाठी तारीख बदलून मागा, देतात.

बीच अजूनही लांबलचक आणि मोकळा, पण सुरूचं बन विरळ झालंय, सकाळी नवाच्या आत फिरून या.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पत्र्यांचा, काकांना तोंडावर सांगितलंय, पुढच्या पावसाआधी एका खोलीवर तरी परत कौलं घालतो म्हणाले. बुक करताना ती खोली मागून घ्या, विहिरीच्या बाजूची. तिच्या खिडकीतून नवी झाडं दिसतात, त्यातल्या दोघांना यंदा पहिल्यांदा सुपारीचे घोस लागलेत.